खांद्यापर्यंत तेल

ढग पंधरा दिवस आधी आले आणि चुन्याच्या भट्टीवर एकच धांदल उडाली. पेरणीवाले ढगाकडे बघून हात जोडत होते आणि इकडे भट्टीवाली त्याच ढगाला मनातल्या मनात लाखोली वाहत होती. भाजून निघालेला कळीचा चुना म्हणजे शीघ्रकोपी सासरा. कोरडा आहे तोवर गप्प, पण जरा ओलसर हवा लागली की आपला आपणच तडकतो, फुगतो आणि भुगा होऊन बसतो. मग त्याला कुत्रंही विचारत नाही. यंदा दोन भट्ट्या पाठोपाठ उतरल्या होत्या. पत्र्याच्या शेडमध्ये छातीइतका ढीग लागला होता आणि तो सगळा चार दिवसांत हौदात घालून विझवायचा होता. वर्षाची कमाई होती ती.

विझवणी हा काही गमतीचा मामला नव्हे. हौदात कमरेइतकं पाणी, वरून घमेल्यांनी चुन्याचे खडे. खडे पडले की क्षणभर काहीच होत नाही, मग तळातून गुरगुर सुरू होते. पाणी उकळतं, पांढरी वाफ डोळ्यांत जाते, शिंतोडा उडाला तर कातडं सोलतो. काठावरची माणसं लांब दांड्याच्या दाताळ्यांनी ते ढवळत राहतात. म्हणून हौदाजवळ जायच्या आधी ज्यानं त्यानं हातापायांना तेल चोपडायचं, बोटांच्या बेचक्यांपासून थेट खांद्यापर्यंत. आणि जेवायची सुट्टी झाली की पाण्याच्या पिंपाशी जाऊन राखेनं ते खसाखसा काढायचं, कारण त्या तेलात चुना मुरलेला असतो आणि तशा हातानं घास खाल्ला तर तोंड सोलून निघतं. लावायचं, काढायचं, जेवायचं, परत लावायचं. भट्टीवर वाढलेल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही.

भट्टीवाली तिशीची होती. लग्न झालं होतं, मोडलं होतं, आणि त्याबद्दल तिला विचारायचं नाही असा भट्टीवर अलिखित कायदा होता. तिचे हात कोपरापर्यंत डागांनी भरलेले. इथं सगळ्यांचेच तसे. एकट्या मुकादमाचे तेवढे स्वच्छ. साठीचा माणूस, चाळीस वर्षं चुन्यात गेलेली, पण हात बघावेत तर एखाद्या सराफाचे. तो भारी जपायचा त्यांना. दुसरे लोक बोटभर तेल लावत, तो ओंजळभर घ्यायचा, आणि कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा लेको. तुमचे हात तुमचे आहेत, माझे हात देवानं परत दिलेले आहेत."

त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. एकवीस वर्षांपूर्वी भर दुपारी, जेवणं होऊन माणसं भट्टीमागच्या झाडाखाली आडवी झालेली असताना, कुणीतरी भट्टीवालीच्या बापाच्या डोक्यात मागून पहार घातली आणि त्याला हौदात ढकललं. मुकादमही झाडाखालीच झोपला होता. किंकाळी ऐकून तो उठला, सगळ्यांच्या आधी धावला आणि उकळत्या हौदात हात घालून त्यानं मालकाला बाहेर ओढलं. मालक गेला होता. मुकादमाच्या हातावर मात्र साधा फोड आला नाही. देवच पाठीशी उभा राहिला, असं म्हणत लोकांनी त्याच्या पायांवर डोकी ठेवली. दगड वाहणाऱ्या एका गाडीवाल्याचं आदल्या दिवशी मालकाशी वाजलं होतं, म्हणून पोलिसांनी त्याला उचललं, महिनाभर बडवलं आणि पुरावा नाही म्हणून सोडून दिलं. तो पुन्हा कधी सरळ चालला नाही. खुनी सापडला नाही तो नाहीच.

तेव्हापासून भट्टी मुकादमानं सांभाळली. भट्टीवालीची आई रोज दुपारी डबे घेऊन यायची आणि पहिलं ताट त्याला वाढायची. एकवीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. पोटची लेक उपाशी ताटकळत उभी असली तरी पहिलं ताट त्याचं. आता तर आईनं पक्कं केलं होतं की अर्धी भट्टी त्याच्या नावावर लिहून द्यायची. सोमवारी कागद व्हायचा होता.

"अर्धी?" भट्टीवालीनं विचारलं होतं.

"तुझ्या बापाला त्यानं हातांनी बाहेर काढलं," आई म्हणाली होती. "ते हात मोजून अर्धीसुद्धा कमीच."

 भट्टीवाली उठून भट्टीवर निघून गेली होती.

शुक्रवारी निवृत्त हवालदार चुना न्यायला आला. घर रंगवायचं काढलं होतं म्हणे. पोट सुटलेलं, डोळ्याला जाड चष्मा, पण चाल अजून परेडचीच. भट्टीवाली शेडच्या दाराशी बसून पोत्याचं तोंड शिवत होती. तो शेजारच्या ओंडक्यावर टेकला.

"ओळखलंस का पोरी? तुझ्या बापाचा पंचनामा माझ्या हातचा. साहेब सांगत होते, मी लिहीत होतो. या ठाण्यात येऊन आठ दिवस झाले होते. चुन्यातलं पहिलं प्रेत बघितलं ते त्याचं. अजून अक्षर न् अक्षर पाठ आहे बघ."

"म्हणून दाखवा," ती म्हणाली.

"नको गं. कशाला उगाच."

"माझाच बाप आहे, काका. म्हणा."

हवालदारानं चष्मा काढला आणि शाळेतल्या पोरानं पाढा म्हणावा तसा तो म्हणू लागला. प्रेत कुठं, कसं, अंगावर काय, डोक्याची जखम किती बोटं. भट्टीवालीचं दाभण चालू होतं. "प्रेत बाहेर काढणारा इसम, भट्टीचा मुकादम, जागेवर हजर. त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत तेलाने माखलेले. भाजल्याची खूण नाही. सबब..."

दाभण थांबलं. "परत म्हणा."

त्यानं परत म्हटलं.

"तेल कुणी लावलं होतं?"

"कुणी म्हणजे? भाजलं म्हणून लावलं असेल कुणीतरी."

"भाजल्याची खूण नाही असं तुम्हीच म्हणताय."

हवालदार हातातला चष्मा पुसू लागला. मग म्हणाला, "आम्ही बाहेरची माणसं. तेल दिसलं, तेल लिहिलं. खाली तुमच्याच पाच जणांच्या सह्या आहेत. कुणाला काही वाटलं नाही."

"त्यांना कशाला वाटेल? भट्टीवरच्या माणसाच्या हाताला तेल नसतं तर वाटलं असतं." तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा ऐकू आला. "पण आम्ही जेवायच्या आधी तेल धुतो, काका. झोपलेल्या माणसाच्या हाताला तेल कुठून येणार?"

हवालदारानं चष्मा घातला आणि तिच्याकडे बघत राहिला. शेडबाहेर मुकादम कुणाला तरी पाण्यावरून झापत होता. त्याचा आवाज स्पष्ट येत होता.

"नुसत्या तेलावर काही होत नाही," हवालदार शेवटी हळू आवाजात म्हणाला. "एकवीस वर्षं म्हणजे केस कधीच धूळ खात पडली. त्याच्या तोंडून यायला पाहिजे, आणि चारचौघांदेखत. तसं काही झालं तर मला हाक मार. ठाण्यातला आताचा साहेब माझ्या हाताखाली शिकलाय, माझं ऐकेल." उठताना त्यानं पोतं खांद्यावर घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. "त्या गाडीवाल्याला मीही दोन लगावल्या होत्या," तो म्हणाला.

संध्याकाळी आई चुलीपाशी बसली होती. भट्टीवालीनं तिला सगळं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही कमी केलं नाही.

"ओरडा ऐकून तूही धावत पोचली होतीस," भट्टीवाली म्हणाली. "त्याचे हात कसे होते?"

"उन्हात चमकत होते." आई जाळाकडे बघत होती. "मला वाटलं, देवाचे हात असेच असतील."

"कुणी तेल लावत होतं का त्याला?"

"नाही."

"मग?"

"मग काय? लावलं असेल केव्हातरी. आता तेलाचा हिशेब मी कुठून देऊ? नवरा समोर पडला होता माझा."

भट्टीवाली तिच्यासमोर येऊन बसली. "बाबांचं आणि त्याचं काही बिनसलं होतं का? खरं सांग."

आईनं लाकूड आत सारलं, बाहेर काढलं, परत आत सारलं. बराच वेळ तिचं तेच चाललं होतं. "आदल्या दिवशी तुझा बाप म्हणाला होता, पुढच्या भट्टीपासून मुकादम नको. कच्चा दगड मिसळतो, माझं नाव घालवतो. मी सांगितलंय त्याला, म्हणाला."

"आणि हे तू पोलिसांना सांगितलं नाहीस."

"ज्यानं माझ्या नवऱ्याला उकळत्या चुन्यातून काढलं त्याच्याविरुद्ध बोलू? कुठल्या तोंडानं बोलू?" आईचा आवाज चढला. "आणि तू आज मला काय सांगायला आलीस? की एकवीस वर्षं मी कुणाला ताट वाढलं? मला ते ऐकायचं नाही. सोमवारी कागद होणार. उद्या पहिलं ताट त्यालाच."

"वाढ. आणि जेवायच्या आधी तो हात कसे घासतो तेही बघ."

आईनं हातातलं लाकूड उगारलं. मारलं मात्र नाही. भट्टीवाली उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसली. तिला रडू यायला हवं होतं, पण आला तो संताप. बाप आठवत होता तो थोडाथोडा. खांद्यावर बसवून भट्टीचं तोंड दाखवणारा. त्याच्या जागी ज्याला काका काका म्हणत ती वाढली, ज्यानं तिच्या लग्नात बापाच्या जागी उभं राहून तिला निरोप दिला, तो माणूस. तिला थुंकावंसं वाटलं आणि ती थुंकली.

शनिवारी ढग आणखी खाली आले. अकरा माणसं पहाटेपासून हौदावर जुंपलेली. घमेलं भर, ओत, ढवळ, मागं सर. घाम तेलावरून घसरत होता. भट्टीवाली दाताळं चालवत होती आणि चार हातांवर मुकादम उभा होता, हौदाच्या अगदी काठावर, पाठमोरा. एक धक्का पुरला असता. तिचे हात शिवशिवायला लागले. तिनं दाताळं खोल रोवलं आणि दोन पावलं मागं झाली. असं मारायचं नव्हतं तिला त्याला. मेला असता तर पुन्हा देव झाला असता, आणि आईनं त्याच्या फोटोला हार घातला असता.

"कुठं लक्ष आहे?" मुकादम वळून म्हणाला. "गाळ खाली बसतोय. बापाचं नाव सांगते आणि दाताळं धरता येत नाही."

माणसं हसली. नेहमीच हसायची. तीही नेहमी हसायची. आज तिनं नुसतं बघितलं.

"पाणी कमी पडतंय," ती म्हणाली.

"किती पडतंय ते मी बघेन. सोमवारनंतर तर मलाच बघायचंय." तो हसला. मायेनंच हसला, हेच वाईट होतं.

दुपारी आई डबे घेऊन आली. माणसांनी पिंपापाशी रांग लावून राखेनं हात घासले. मुकादमानं सगळ्यांत जास्त वेळ लावला, नखंसुद्धा काडीनं कोरली. आईनं पहिलं ताट त्याला वाढलं. पण वाढताना ती त्याच्या हातांकडे बघत होती, हे भट्टीवालीनं टिपलं. ताट ठेवून आई क्षणभर तशीच वाकून राहिली, जणू काही मोजतेय, आणि मग दुसरं ताट वाढायला लागली.

जेवणं झाली. माणसं झाडाकडे निघाली. बडबडी म्हणून एक पाटीवाली होती. तिचं तोंड आणि पाय कधी एका जागी थांबायचे नाहीत. रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन ती हौदाच्या कडेकडेनं चालत नणंदेची उणीदुणी काढत होती. "मी तिला म्हटलं, बाई गं, तुझ्या जिभेला..." आणि काठावरचा ओला चुना तिच्या पायाखालून सरकला.

ती हौदात पडली नाही, पण एक पाय गुडघ्यापर्यंत आत गेला आणि तळाच्या दगडांत अडकला. ती ओरडली ती माणसाच्या आवाजात नव्हे. मुकादम तिच्यापासून पाच पावलांवर उभा राहून चूळ भरत होता. भट्टीवाली वीस पावलांवर होती. तिला नंतरही आठवेना ती कशी पोचली. ती काठावर पालथी पडली, दोन्ही हात आत घातले, बडबडीचा घोटा चाचपला, दगड सरकवला आणि पाय मोकळा केला. मागून ढिम्मानं, भट्टीवरच्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत संथ गड्यानं, बडबडीला काखेत धरून ओढलं. कुणी घागरी आणल्या. पाणी, पाणी, आणखी पाणी. बडबडीचा पाय लालभडक झाला होता पण पाय होता. भट्टीवालीच्या हातांचं कातडं मनगटापासून सुटायला लागलं होतं.

तेवढ्यात मुकादम गर्दीतून पुढं आला. "अगं, हे काय करून घेतलंस?" त्याचा आवाज खराच कळवळलेला होता. "आधी तेल तरी लावायचंस वेडे."

भट्टीवालीनं वर बघितलं. त्याचे दोन्ही हात खांद्यापर्यंत तेलानं चमकत होते. शेडच्या खुंटीला लटकवलेला तेलाचा डबा हौदापासून उलट दिशेला होता.

"तुम्ही पाच पावलांवर होतात," ती म्हणाली.

"म्हणून तर. बिनतेलाचा हात घालून उपयोग काय? तुझेच बघ की काय झाले."

तिनं ते हात सगळ्यांना दिसतील असे समोर धरले. आग डोक्यापर्यंत चढत होती. "बघा सगळ्यांनी. जेवून उठलेल्या माणसानं धावत जाऊन हौदात हात घातला की ते असे होतात. माझ्या बापाला काढलंत तेव्हा तुमचे का झाले नाहीत, काका?"

"देवानं..."

"पंचनाम्यात देव नाही लिहिलेला. लिहिलंय ते असं, मुकादमाचे दोन्ही हात खांद्यापर्यंत तेलानं माखलेले. तुम्ही तर झोपेतून उठून धावला होता ना? जेवायच्या आधी हात धुतले होते की नव्हते?"

हौद आपला गुरगुरत होता. मग ढिम्मा म्हणाला, "धुतले होते. माझ्या शेजारीच. राख मीच दिली होती." तो थांबला. एवढं बोलून तो सहसा दिवसभर गप्प असायचा, पण आज त्यानं आणखी एक वाक्य जोडलं. "त्या पंचनाम्यावर माझी सही आहे."

"मग तेल कधी लावलं?" भट्टीवाली मुकादमाच्या जवळ गेली. "दोनच गोष्टी होऊ शकतात. किंकाळीच्या आधी लावलं असेल, तर हौदातून कुणाला तरी काढायचंय हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं. नंतर लावलं असेल, तर माझा बाप आत उकळत होता आणि तुम्ही हात चोळत होता. यांतलं काय ते एक सांगा."

मुकादमानं सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग तो जमिनीवर बसला.

"नंतर," तो म्हणाला. "नंतर लावलं. घाबरलो मी. आज लावलं तसंच लावलं. डबा खुंटीला होता, आधी तिकडं धावलो. एकवीस वर्षं हे पोटात घेऊन जगतोय. लोक पायावर डोकं ठेवायचे आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. भित्रा आहे मी. पण खुनी नाही, वहिनी."

तो ओक्साबोक्शी रडायला लागला. साठीचा माणूस असा रडला की बघणाऱ्याला आपलीच चूक वाटते. गडी एकमेकांकडे बघू लागले. बडबडी पाय बादलीत घालून कण्हत होती, तीसुद्धा म्हणाली, "घाबरतो गं माणूस. कुणाचं काय सांगावं." कुणीतरी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

भट्टीवाली उभीच राहिली. तिला खुनी हवा होता आणि हाती भित्रा आला होता. भित्र्याला काय करायचं? त्याला फाशी नसते. त्याची कीव करायची असते, आणि ती कीव सुरूही झाली होती. अजून तासाभरानं त्याला कुणी पाणी देईल, सोमवारी कागद होईल, आणि तिच्याकडे बघून लोक म्हणतील, पोरीचं डोकं फिरलं होतं, पण चाललंय आता बरं. तिचे हात पेटले होते आणि त्यांत काहीच धरता येत नव्हतं.

"डबा कुठं होता म्हणालात?"

आईचा आवाज होता. ती डब्यांच्या टोपलीपाशी बसली होती ती उठली नव्हती.

"खुंटीला, वहिनी. शेडच्या."

"आता जिथं असतो तिथं?"

"तिथंच. आणखी कुठं असणार?"

"तिथून तेल घेतलंत आणि मग गेलात."

"हो. सांगितलं ना. माझं चुकलं..."

"तेव्हा डबा दुपारी खुंटीला नसायचा," आई म्हणाली. ती उठली, पदर खोचला आणि सावकाश चालत त्याच्यासमोर आली. "हिचा बाप होता तोवर डबा दुपारी घरी यायचा. मी भरायचे आणि माणसं झोपून उठायच्या आत परत पाठवायचे. खुंटीला राहायला लागला तो तुम्ही भट्टी हातात घेतल्यावर. त्या दिवशी डबा घरी हिनं आणला होता. नऊ वर्षांची होती. तळाशी उरलेलं तेल वाटेत सांडून आली म्हणून मी हिच्या थोबाडीत मारली होती. ही रडत होती, आणि डबा माझ्या हातात होता, तेव्हा भट्टीकडनं ओरडा आला. तो हातातला डबा तसाच टाकून मी धावले."

भट्टीवालीचा हात नकळत गालाकडे गेला. ती थोबाडीत तिला आठवत होती. कशाबद्दल बसली ते ती विसरून गेली होती.

"काल रात्रीपासून मी तो दिवस परत परत फिरून बघतेय," आई म्हणाली. "प्रत्येक वेळी डबा माझ्याच हातात आहे. इथं थेंब नव्हता तेलाचा. तुम्ही लावलंत ते ही डबा घेऊन निघण्याआधी लावलंत. हात धुतल्यावर परत लावलंत. आणि मग झाडाखाली जाऊन पडलात, नाहीतर पडलातही नाही."

मुकादमाचं रडणं कापल्यासारखं थांबलं. पाठीवरचा हात ज्याचा होता त्यानं तो काढून घेतला. मुकादमानं पिंपाकडच्या वाटेकडे पाहिलं. ढिम्मा कधी उठला आणि पिंपाच्या वाटेवर येऊन कधी उभा राहिला ते कुणाला कळलं नाही.

"वहिनी..."

"वहिनी म्हणायचं नाही."

एका गड्यानं दाताळं उचललं. आईनं मागं न बघता हात आडवा केला. "कुणी अंगाला हात लावायचा नाही. याला बोलायला तोंड शाबूत हवंय." मग गड्यांतल्या बडबडीच्या नवऱ्याला म्हणाली, "तू सायकल काढ. हवालदारांना म्हणावं, भट्टीवर बोलावलंय. पंचनामा आहे."

सायकल गेली. वारा सुटला होता, हौदाच्या काठावरची कोरडी धूळ उडत होती आणि मुकादमाच्या तेलकट हातांवर चिकटत होती. दोन्ही हात हळूहळू पांढरे व्हायला लागले. त्याला आग व्हायला लागली असावी. तो पिंपाकडे बघत म्हणाला, "एवढं धुऊ द्या. चुना मुरतोय."

"राहू दे," भट्टीवाली म्हणाली.

आईनं पदराची पट्टी फाडली, ओली केली आणि लेकीच्या हातांना गुंडाळली. एक हात झाला, दुसरा झाला. तेवढं होईपर्यंत तिनं मुकादमाकडे एकदाही बघितलं नाही. पश्चिमेकडून गार, ओला वास येऊ लागला. ढिम्मानं शेडकडे मान वळवली. "मालकीणबाई, ढीग उघडा आहे. आता नाही विझवला तर सगळा जाईल."

"जाऊ दे," आई म्हणाली.

तिनं टोपली पालथी केली, मुकादमापासून हातभर अंतरावर ठेवली आणि तिच्यावर बसली. एकवीस वर्षं रोज ज्याला तुम्ही म्हणत पहिलं ताट वाढलं, त्याच्या डोळ्यांत तिनं डोळे घातले.

"हं, बोल आता," ती म्हणाली. "त्या दिवशी सकाळी उठलास तिथपासून सांग. काही गाळू नकोस. आम्हाला कुणालाच घाई नाही."